वाचकांचे प्रश्न : हार्ट अटॅकमध्ये इंजेक्शन की थेट ॲन्जिओप्लास्टी?

हृदयाची रक्तवाहिनी गुठळीमुळे बंद पडली, तर ती उघडण्याचे दोन मार्ग आहेत. एक, शिरेतून गुठळी विरघळवणारं औषध देणं. दुसरा, मनगटातून किंवा जांघेतून तार आणि फुगा नेऊन ॲन्जिओप्लास्टी करणं. या दोहोंविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. ही उत्तरं सवडीने वाचण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष छातीत दुखू लागलं तर मासिक मिटवून रुग्णवाहिकेला फोन करा.

प्रश्न : वडिलांना पहाटे अटॅक आला. जवळच्या छोट्या रुग्णालयात इसीजी काढून लगेच इंजेक्शन दिलं आणि मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे दुसऱ्या दिवशी ॲन्जिओप्लास्टी करावी लागलीच. मग आधी इंजेक्शन कशाला? सरळ पुढे पाठवलं असतं तर वेळ वाचला नसता का?

वेळ वाचला नसता, उलट गेला असता. छोट्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी केलं ते योग्यच होतं.

रक्तवाहिनी बंद झाली की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू एकदम मरत नाही. आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे तो तासागणिक मरत जातो, आणि वाचवण्याजोगा बहुतेक भाग पहिल्या दोन-तीन तासांतच हातचा जातो. म्हणून उपचार कोणता, याइतकाच तो किती वाजता मिळाला हा प्रश्न मोठा असतो.

दोन्ही उपचार सारख्याच तत्परतेने मिळत असतील तर ॲन्जिओप्लास्टी सरस, यात वाद नाही. २००३ साली २३ चाचण्यांमधल्या ७,७३९ रुग्णांची एकत्रित आकडेवारी प्रसिद्ध झाली. इंजेक्शन घेतलेल्यांत सुरुवातीच्या काही आठवड्यांत ९ टक्के मृत्यू झाले, ॲन्जिओप्लास्टी झालेल्यांत ७ टक्के. पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण ७ आणि ३ टक्के, तर पक्षाघाताचं २ आणि १ टक्का. हा फायदा खरा आहे, पण ॲन्जिओप्लास्टीला जादा वेळ किती लागतो यावर तो अवलंबून आहे. उशीर वाढत गेला की फायदा आटत जातो आणि एका टप्प्यानंतर उरतच नाही.

म्हणून डॉक्टर एकच हिशेब करतात : इसीजीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत ॲन्जिओप्लास्टीची तार ब्लॉकेजमधून पार जाईल का? जाणार असेल तर थेट पाठवायचं. नसेल तर निदानापासून १० मिनिटांत इंजेक्शन सुरू करायचं आणि मग पाठवायचं.

नातेवाइकांची गल्लत होते ती या १२० मिनिटांच्या मोजणीत. 'मोठं रुग्णालय तर पाऊण तासावर आहे' असं म्हणून रस्त्याचा वेळ तेवढा धरला जातो. पण रुग्णवाहिका येईपर्यंत २० मिनिटं गेली, रुग्ण हलवण्यात आणि कागदपत्रांत १५, रस्त्यात ४५, तिथे पोचल्यावर पुन्हा तपासणी आणि संमतीपत्र यांत २०, रात्रीची वेळ असेल तर कॅथलॅबची (ॲन्जिओप्लास्टी जिथे होते त्या विभागाची) माणसं घरून येईपर्यंत आणखी काही, त्यानंतर मनगटातून नळी घालणं, पहिली चित्रं घेणं, तार पार नेणं यांत २०-२५ मिनिटं, अशी बेरीज केली की पाऊण तासाच्या अंतराचे सव्वादोन तास सहज होतात. त्यात संमतीपत्रावर सही करण्याआधी चार नातेवाइकांना फोन झाले तर विचारायलाच नको. सही करणाऱ्याने निर्णय तिथेच घ्यावा. गावोगावचे फोन नंतर करता येतात.

लवकर इंजेक्शन आणि मग ॲन्जिओग्राफी (रंगद्रव्य सोडून हृदयाच्या वाहिन्यांची चित्रं घेणं) हा क्रम कितपत उभा राहतो, हे 'स्ट्रीम' या चाचणीत पाहिलं गेलं. तिचा निकाल २०१३ मध्ये आला. त्रास सुरू होऊन तीन तास उलटले नव्हते, पण तासाभरात ॲन्जिओप्लास्टी शक्य नव्हती, असे १,८९२ रुग्ण तीत होते. मृत्यू, शॉक (रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त न पुरणं), हार्ट फेल्युअर किंवा पुन्हा अटॅक यांपैकी काही ना काही महिन्याभरात घडलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन गटात १२.४ टक्के आणि थेट ॲन्जिओप्लास्टी गटात १४.३ टक्के होतं, म्हणजे जवळपास बरोबरी. इंजेक्शन गटातल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना मात्र तातडीने कॅथलॅबमध्ये न्यावं लागलं. मोठ्या रुग्णालयाची गरज इंजेक्शनने संपत नाही, ती या एक तृतीयांश लोकांमुळे.

प्रश्न : मग इंजेक्शन देऊन लगेच ॲन्जिओप्लास्टी का करत नाहीत? दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवतात ते कशासाठी?

हा विचार डॉक्टरांनाही सुचला होता आणि तो करून पाहण्यात आला. पूर्ण मात्रेत टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध देऊन पाठोपाठ ॲन्जिओप्लास्टी केलेल्या रुग्णांत मृत्यू अधिक झाले, म्हणून 'असेंट-४' ही चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. गुठळी विरघळताना तिच्यात अडकलेलं थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारा घटक) मोकळं होतं आणि प्लेटलेट (गुठळी धरायला लावणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी) जास्तच चिकट होतात. अशा वेळी आत फुगा फुगवून आतला थर फाटला की तिथेच नवी गुठळी धरते. दुसरीकडे रक्तस्रावाचा धोकाही त्याच तासांत सर्वांत जास्त असतो.

त्यामुळे इंजेक्शन लागू पडलं असेल तर २ ते २४ तासांच्या दरम्यान ॲन्जिओग्राफी करतात. लागू पडलं नाही तर मात्र एक मिनिटही थांबायचं नसतं.

प्रश्न : लागू पडलं की नाही हे कळतं कसं? आमच्या सासूबाईंची छाती दुखायची थांबली होती, तरी डॉक्टर घाईने घेऊन गेले.

दुखणं थांबलं हा पुरावा कच्चा आहे. मॉर्फिन दिलं असेल तर दुखणं तसंही थांबतं. खरी कसोटी इसीजीची. इंजेक्शन दिल्यानंतर ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा इसीजी काढतात आणि पहिल्या पट्टीत ज्या लीडमध्ये (इसीजीच्या ज्या नोंदीत) एसटी रेषा (ठोक्याच्या उंच टोकानंतरचा भाग) सर्वांत जास्त उचललेली होती त्याच लीडमध्ये ती किती खाली आली हे मोजतात. पहिल्यांदा ४ मिलिमीटर होती आणि आता १ मिलिमीटर आहे, तर वाहिनी उघडली असं धरायला हरकत नाही. ४ ची ३ झाली असेल, म्हणजे निम्म्यानेही उतरली नसेल, तर इंजेक्शन वाया गेलं असं समजून लगेच ॲन्जिओप्लास्टी करतात. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत असंच काही दिसलं असावं.

या तासाभरात मॉनिटरवर मिनिटाला ६० ते १०० च्या गतीने रुंद, वेगळेच दिसणारे ठोके काही काळ येतात. नातेवाईक घाबरतात, पण वाहिनी उघडल्याचं ते बऱ्याचदा लक्षण असतं आणि आपोआप जातं. फार वेगाने आलेले रुंद ठोके मात्र वेगळी गोष्ट. तिथे विजेचा शॉक द्यावा लागू शकतो, म्हणून हा काळ रुग्ण डिफिब्रिलेटर (हा शॉक देणारं यंत्र) हाताशी असलेल्या जागीच हवा. रुग्णवाहिकेतही तो हवाच.

प्रश्न : स्ट्रेप्टोकायनेज आणि टेनेक्टेप्लेज यांत फरक काय? दोन्ही गुठळीच विरघळवतात ना?

दोन्हींचा शेवट एकच. रक्तात प्लास्मिनोजेन नावाचं प्रथिन असतं. ही औषधं त्याचं प्लास्मिन करतात आणि प्लास्मिन गुठळीतले फायब्रिनचे धागे तोडतं. फरक आहे तो हे काम कुठे होतं यात. स्ट्रेप्टोकायनेज सगळ्या रक्तभर प्लास्मिन तयार करतं. अल्टेप्लेज, रेटेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज ही मुख्यतः गुठळीतल्या फायब्रिनजवळ काम करतात.

परिणामातही फरक दिसतो. १९९३ च्या 'गस्टो' चाचणीत ४१,०२१ रुग्ण होते. अल्टेप्लेज गटात महिन्याभरात ६.३ टक्के मृत्यू झाले, स्ट्रेप्टोकायनेज गटांत ७ टक्क्यांहून थोडे जास्त. दीड तासाने वाहिनीतला प्रवाह पूर्ववत झालेले रुग्ण पाहिले तर अल्टेप्लेजमध्ये निम्म्याहून थोडे जास्त होते, स्ट्रेप्टोकायनेजमध्ये तिसरा हिस्साही नव्हते. टेनेक्टेप्लेज अल्टेप्लेजच्या तोडीचं आहे आणि एकाच टोच्यात देता येतं, म्हणून रुग्णवाहिकेतही सोयीचं. ॲन्जिओप्लास्टीने प्रवाह पूर्ववत होण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं, हेही ध्यानात असू द्या.

देण्याच्या पद्धती अशा. स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट, सलाईनमधून ३० ते ६० मिनिटांत. घाईने सोडलं की रक्तदाब कोसळतो; तेव्हा थेंब मंद करून किंवा थोडा वेळ थांबवून, पाय उंच करून, गरजेप्रमाणे सलाईन देऊन तो सावरतात आणि पुन्हा सुरू करतात. अंगावर पित्त उठणं, थंडी-ताप हेही याच औषधात. टेनेक्टेप्लेज वजनावर देतात : ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, पुढे दर दहा किलोंना ५ मिलिग्रॅम जास्त, ९० किलो आणि त्यावर ५० मिलिग्रॅम. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना याची निम्मी मात्रा. 'स्ट्रीम' चाचणीत वयस्कांची मात्रा अशी निम्मी केल्यावर मेंदूतला रक्तस्राव बराच खाली आला.

टेनेक्टेप्लेज देताना चुका होतात त्या बहुधा तीन. कुपीत सोबतचं निर्जंतुक पाणी सोडल्यावर ती गोल गोल हलवायची असते, खळखळवायची नसते. फेस आलाच तर तो बसेपर्यंत दोन-चार मिनिटं थांबायचं. दुसरी चूक शिरेतल्या नळीची. तीत आधी ग्लुकोजचं सलाईन चालू असेल तर हे औषध तिथेच साकळतं, म्हणून आधी आणि नंतर नळी साध्या मिठाच्या सलाईनने धुऊन घ्यायची. तिसरी जास्त घातक : मेंदूच्या पक्षाघातात हेच औषध वेगळ्या हिशेबाने, साधारण निम्म्या मात्रेत, जास्तीत जास्त २५ मिलिग्रॅम देतात. आपत्कालीन विभागात दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी लावलेले असले की नजर चुकते. तक्त्यावर 'हृदय' आणि 'मेंदू' ठळक लिहिलेलं बरं.

एकट्या इंजेक्शनवर भागत नाही. सोबत ॲस्पिरिन १५० ते ३०० मिलिग्रॅम चावून, क्लोपिडोग्रेल ही प्लेटलेटविरोधी गोळी ३०० मिलिग्रॅम (पंचाहत्तरीपुढे ७५), आणि रक्त गोठू न देणारं एनॉक्सापॅरिन किंवा हेपॅरिन. ॲस्पिरिनची गोळी स्वस्त आणि ओळखीची म्हणून तिला कमी लेखतात. १९८८ च्या 'आयसिस-२' चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. दोन्ही औषधं न मिळालेल्यांत पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने १३.२ टक्के दगावले, ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के. यात ॲस्पिरिनचा वाटा जवळपास स्ट्रेप्टोकायनेजइतकाच होता.

प्रश्न : आईला अटॅक आल्याचं रक्ततपासणीत निघालं. आम्ही गुठळीचं इंजेक्शन द्या म्हणून आग्रह धरला, पण डॉक्टरांनी चक्क नकार दिला. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे. अटॅकचे दोन प्रकार. इसीजीत एसटी रेषा वर उचललेली असते तेव्हा वाहिनी बहुधा पूर्ण बंद असते; गुठळी विरघळवणारं इंजेक्शन फक्त यांच्यासाठी. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं आहे पण रेषा उचललेली नाही, उलट खाली दबलेली आहे किंवा टी लाट (एसटी रेषेनंतरची लाट) उलटी आहे, अशा अटॅकमध्ये वाहिनी बहुधा अर्धवट उघडी असते आणि गुठळीत प्लेटलेटचा भरणा जास्त असतो. तिथे या इंजेक्शनने फायदा दिसला नाही, धोका तेवढा वाढला. अशांना ॲस्पिरिन, दुसरी प्लेटलेटविरोधी गोळी, हेपॅरिन आणि जोखीम जास्त असेल तर २४ तासांत ॲन्जिओग्राफी. दुखणं थांबतच नसेल, रक्तदाब पडत असेल किंवा ठोके बिघडत असतील तर दोन तासांत.

एक अपवाद हमखास निसटतो. हृदयाच्या मागच्या भिंतीच्या अटॅकमध्ये छातीवरच्या व्ही-१ ते व्ही-३ लीडमध्ये रेषा दबलेली दिसते, पण पाठीवर व्ही-७ ते व्ही-९ लावल्या की ती उचललेली सापडते. हा पूर्ण बंद वाहिनीचाच अटॅक, उपचारही तोच. म्हणून पहिला इसीजी 'तसा बरा' असला आणि दुखणं चालूच असलं तर पाठीच्या लीड लावून आणि दर १५-३० मिनिटांनी नवा इसीजी काढून पाहावं लागतं.

प्रश्न : या इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होतो असं ऐकलं. वडील ७८ वर्षांचे, रक्तदाबाचे रुग्ण आहेत. उद्या वेळ आली तर नको म्हणावं का?

आधीपासून 'नको' ठरवून ठेवू नका. मेंदूतल्या रक्तस्रावाचं प्रमाण साधारण दर शंभरांत अर्धा ते एक आहे. वय जास्त, वजन कमी, स्त्री, दाखल होताना रक्तदाब चढलेला, पूर्वी मेंदूचा आजार झालेला, या गोष्टी जमतील तसा धोका वाढतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत दोन तासांत ॲन्जिओप्लास्टी मिळणार असेल तर तीच घ्यावी. मिळणार नसेल तर निम्म्या मात्रेचं टेनेक्टेप्लेज हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. बंद वाहिनी तशीच ठेवणं हाही एक निर्णयच असतो, आणि त्यातला धोका शंभरात एकाहून कितीतरी मोठा.

काही रुग्णांना मात्र इंजेक्शन द्यायचंच नसतं : मेंदूत कधीही रक्तस्राव झालेला, गेल्या सहा महिन्यांत गुठळीचा पक्षाघात, मेंदूत गाठ किंवा रक्तवाहिन्यांचा गुंता, महिन्याभरात डोक्याला मार, मोठी शस्त्रक्रिया किंवा पोटातून रक्तस्राव, रक्त न गोठण्याचा आजार, आणि महाधमनीचा आतला थर फाटल्याची शंका. ही शेवटची शंका घ्यायला विसरणं फार महागात पडतं. पाठीत फाटल्यासारखी एकाएकी आलेली कळ आणि दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक दिसला तर आधी सीटी स्कॅन.

रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर आधी तो औषधाने खाली आणतात. वॉरफॅरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते डॉक्टरांनी विचारायच्या आत सांगा. मासिक पाळी चालू असणं किंवा मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला इजा असणं यांमुळे मात्र इंजेक्शन अडत नाही, जरी तसा समज अनेकांचा आहे.

एक गोष्ट घरच्यांच्या हातात आहे. छातीत दुखतं म्हणून कमरेत दुखणं थांबवणारं इंजेक्शन टोचून घेऊ नका. पुढे गुठळी विरघळवणारं औषध द्यावं लागलं तर टोचलेल्या जागी स्नायूत रक्त साचून मोठी गाठ येते. डायक्लोफेनॅकसारखी औषधं अटॅकमध्ये तशीही घातकच.

इंजेक्शननंतरच्या २४ तासांत जोरात डोकं दुखणं, उलटी, बोलणं जड होणं, गुंगी, यांतलं काहीही दिसलं तर लगेच नर्सला बोलवा. 'थकलेत, झोपू दे' म्हणू नका. चालू असलेलं हेपॅरिन थांबवून मेंदूचा सीटी स्कॅन करावा लागतो.

प्रश्न : थेट ॲन्जिओप्लास्टीत काय बिघडू शकतं? ती तर 'शंभर टक्के' म्हणतात.

शंभर टक्के काहीच नाही. मनगटातून नळी घालून ०.०१४ इंच, म्हणजे एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी जाड तार गुठळीतून पार नेतात, फुग्याने वाट करतात आणि औषध लावलेला स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवतात. मोठी वाहिनी चित्रात स्वच्छ दिसते, तरी काही वेळा पुढे रक्त सरकत नाही, कारण चुरा झालेली गुठळी आणि सूज यांनी केसासारख्या वाहिन्या तुंबलेल्या असतात. उशिरा आलेल्यांत हे जास्त. गुठळी नळीने ओढून काढली तर हे टळेल असं वाटत होतं, पण मोठ्या चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही, त्यामुळे ते आता सरसकट करत नाहीत. याशिवाय मूत्रपिंडावर रंगद्रव्याचा ताण, जांघेतून केली असेल तर तिथला रक्तस्राव, आणि प्लेटलेटविरोधी गोळ्या बंद केल्याने स्टेंटमध्येच गुठळी. ॲस्पिरिन आणि दुसरी प्लेटलेटविरोधी गोळी, या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात. दात काढायचा म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : काल सकाळपासून दुखत होतं, आज दाखल केलं. आता दोन्हींपैकी काय उपयोगाचं?

इंजेक्शन नाही. १२ तासांनंतर गुठळीतले फायब्रिनचे धागे एकमेकांत घट्ट विणले जातात, औषध त्यांना दाद देत नाही, आणि मेलेला स्नायू फाटण्याची भीती वाढते. १२ ते ४८ तासांत, विशेषतः दुखणं चालू असेल तर, ॲन्जिओप्लास्टी करतात. ४८ तास उलटून गेले, वाहिनी पूर्ण बंद आहे आणि रुग्णाला काहीच त्रास नाही, तर केवळ बंद आहे म्हणून ती उघडण्यात फायदा नाही. २००६ च्या 'ओट' चाचणीत हे दिसलं. शॉकमध्ये गेलेला रुग्ण मात्र कितीही तास झाले तरी कॅथलॅबमध्येच न्यायचा.

प्रश्न : पुन्हा अटॅक आला तर तेच इंजेक्शन परत चालतं का?

स्ट्रेप्टोकायनेज परत देत नाहीत. ते स्ट्रेप्टोकोकस जिवाणूपासून मिळतं, शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि ती वर्षानुवर्षं टिकतात. दुसऱ्या वेळी औषध निकामी ठरतं किंवा तीव्र ॲलर्जी होते. अल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज यांना ही अडचण नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'लायसिस केलं' (गुठळी विरघळवणारं औषध दिलं) असं लिहिलेलं असेल तर घरी जायच्या आधी औषधाचं नाव, मात्रा, दिल्याची वेळ, आणि स्टेंट बसवला असेल तर कोणत्या वाहिनीत, हे लिहून घ्या, पहिल्या इसीजीचा फोटो काढा आणि तो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा.